परेरा अंकलच्या गाडीचा धूर

"इथे जवळपास पीयूसी कुठे करून मिळते हो?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला रोज एकदा तरी ऐकावा लागला, आणि विचारणारा बहुतेक वेळा माझ्याच व्हॅनला टेकून उभा असायचा. व्हॅनवर हातभर अक्षरांत 'पीयूसी' लिहिलेलं. काही महाभाग तर त्या 'पी'वर कोपर ठेवून विचारायचे. मी म्हणायचे, "कोपर उचला, साहेब. खाली उत्तर आहे."

भोईवाड्याकडून भायखळ्याला जाताना डाव्या हाताला एक पेट्रोल पंप लागतो. तिथे हवा भरायच्या नळाशेजारी माझी व्हॅन उभी असायची. उभीच असायची, कारण तिचं इंजिन मी पहिल्याच वर्षी काढून टाकलं आणि त्या जागेत जेवणाचा डबा, छत्री आणि प्रिंटरचे कागद ठेवायला लागले. अख्ख्या मुंबईत गाड्यांच्या धुराची परीक्षा घेणारी, आणि स्वतः धूर न सोडणारी ती एकमेव गाडी असावी.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. पीयूसी म्हणजे तुमची गाडी हवेत किती घाण सोडते त्याचं प्रमाणपत्र. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये एक नळी घालतात. नळी मशीनला जोडलेली, मशीन कॉम्प्युटरला. कार्बन मोनॉक्साइड किती, न जळलेलं पेट्रोल किती, ते आकडे पडद्यावर येतात. मर्यादेच्या आत असले तर नंबरप्लेटचा फोटो काढून सर्टिफिकेट, नसले तर गॅरेजचा रस्ता. एवढंच काम. आमच्या विहारातल्या बायका माझ्या आईला म्हणायच्या, "तुमची सुनंदा आयटीआय करून धूर विकते." आई म्हणायची, "विकत नाही, मोजते." आईला फरक कळायचा.

आता ही टेस्ट कधी करायची? नव्या गाडीला पहिलं वर्ष माफ. पुढे गाडीच्या वयाप्रमाणे कुणाला वर्षाने, कुणाला सहा महिन्यांनी. लक्षात ठेवायची गरज नाही, सर्टिफिकेटवर तारीख छापलेली असते. पण ती वाचणारा माणूस मी फार क्वचित पाहिला. आमच्या भागात मुदत संपल्याचं कळायची एकच पद्धत होती. लालबागच्या सिग्नलला हवालदार शिट्टी मारतो, गाडी बाजूला घेतो, आणि मग पुढच्या दहा मिनिटांत तो इसम माझ्यासमोर घामाघूम होऊन, "मॅडम, जरा मागची तारीख टाका ना!"

तारीख कॉम्प्युटर टाकतो, मी नाही, हे मी प्रत्येकाला शांतपणे सांगायचे. नंतर नंतर शांतपणे सांगायचं सोडून दिलं.

एकदा एक गृहस्थ कॉटन ग्रीनहून स्कूटर ढकलत घेऊन आले. दुपारचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "चालू करा." म्हणाले, "चालू होत नाही, म्हणून तर ढकलत आणली. पण त्याचा एक फायदा बघा ना, धूर शून्य!" मी नाही म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. एवढ्या लांबून ढकलली, त्याचे तरी मार्क द्या म्हणाले. दुसऱ्या एकाने सायलेन्सरमध्ये अत्तराचा बोळा खुपसून आणला होता. गाडी रेस केल्याबरोबर तो बोळा उडून मागच्या टेम्पोच्या काचेवर बसला, आणि पुढचा अर्धा दिवस अख्खा पंप लग्नाच्या हॉलसारखा दरवळत होता.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण संपादकांनी 'तुमच्या कामातला लक्षात राहिलेला अनुभव' मागितलाय, आणि तो प्रसंग गमतीचा नाही. किंवा आहे, पण त्यात मी शहाणी ठरत नाही. मी फार टापटिपीने, नियमाप्रमाणे, मशीनवर विश्वास ठेवून चुकले होते.

फ्रान्सिस परेरा हे माझे सगळ्यात शिस्तीचे गिऱ्हाईक. राहायला माझगावला, गोदीतून रिटायर झालेले, कानात मशीन, डोक्यावर टोपी. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली एक पांढरी मोटार होती. तिला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागायची, आणि अंकल मुदत संपायच्या बरोबर दोन दिवस आधी हजर व्हायचे. सर्टिफिकेटवरची तारीख वाचणारे जे क्वचित लोक म्हटलं, ते हेच.

गाडी जुनी, त्यामुळे आकडा नेहमी मर्यादेच्या काठावर. एकदा मी त्यांना म्हटलं, "अंकल, एअर फिल्टर बदला, प्लग साफ करून घ्या. आणि येताना इंजिन चांगलं गरम करून या, थंड इंजिन जास्त घाण सोडतं." अंकलनी सगळं मनावर घेतलं. पुढच्या खेपेला आकडा एकदम खाली आला. त्याच्या पुढच्या खेपेला तर तीन टक्क्यांच्या मर्यादेसमोर मशीनने ०.१ दाखवला. तेवढ्या जुन्या गाडीला ०.१ म्हणजे सत्तरीच्या माणसाने कॅरम सोडून कबड्डीत पदक आणण्यासारखं.

अंकलना वाटलं, प्लगची कमाल. मला वाटलं, माझ्या सल्ल्याची. मी तो कागद व्हॅनच्या दाराला आतून चिकटवला आणि नव्या गाडीवाल्यांना दाखवायला लागले, "हे बघा, शिका जरा! तीस वर्षांची गाडी आहे." गाडीचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठा येत होता. मला ऐकू आला होता. पण पंपावर बसचे हॉर्न, टँकर, हवेच्या नळाची फुसफुस, त्यात जुन्या गाडीची फटफट कोण मनावर घेतो? अंकलच्या कानांचं तर विचारूच नका.

त्यानंतर सहा महिन्यांनी अंकल आले ते बायकोला घेऊन. एरवी एकटे यायचे. रांगेत पुढे चार गाड्या होत्या. अंकल उतरून माझ्याकडे आले.

"आज आंटी पण?" मी विचारलं.

"काय करणार मॅडम? घरी एकटी ठेवता येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मते. खरं तर तो पंपाच्या ऑफिसपर्यंत गेला असेल. "हिल्डा विसरते. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून झोपली. परवा मला विचारते, तू कामावर का नाही गेला? मी रिटायर होऊन चौदा वर्षं झाली! वर्षभर डोकं दुखतं. डॉक्टर म्हणतो, एज. मुलगा कॅनडाला आहे, तो म्हणतो डॅडी, तुमच्याने होणार नाही. वसईला एक होम आहे, नन्स चालवतात, तिथे जागा बघितली त्याने. नेक्स्ट मंथ."

ते 'नेक्स्ट मंथ' म्हणाले आणि टोपी काढून उगाच झटकायला लागले.

मी आंटींना कधी बघितलं नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, असं अंकल सांगायचे. म्हटलं, दोन शब्द बोलावे. गाडीजवळ गेले. इंजिन चालूच होतं. गरम करून या, असं मीच सांगितलेलं ना! आंटी मागच्या सीटवर, चारही काचा वर. पेट्रोलचा वास सहन होत नाही म्हणून त्यांनी अंकलची काचसुद्धा वर करून घेतली होती. मी काचेवर टकटक केली. आंटींनी मान वळवली, पण सावकाश, पाण्यातून वळवल्यासारखी. गाल छान गुलाबी. डोळे मात्र माझ्यावर थांबेनात.

"आंटी, बऱ्या आहात ना?"

त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी दार उघडलं.

आतून जो वास आला तो मी झोपेतही ओळखला असता. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, पण तो एकटा फिरत नाही, सायलेन्सरचं अख्खं खानदान बरोबर असतं. तो वास गाडीच्या मागे यायला हवा होता. तो गाडीच्या आत होता.

"अंकल, इंजिन बंद करा!"

"पण गरम..."

"बंद करा आधी!"

मी आंटींना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि हवेच्या नळाजवळ माझ्या स्टुलावर बसवलं. त्यांचे पाय लटपटत होते. पंपावरच्या माणसाने पाणी आणलं. पाचेक मिनिटांनी त्यांनी मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "डोकं फुटतंय गं." मी विचारलं, "रोज दुखतं?" तर अंकलच म्हणाले, "बुधवारी जास्त. बुधवारी आम्ही माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातो ना, तिथल्या गर्दीने होतं."

"किती वेळ लागतो जायला?"

"ट्रॅफिक असतो. तास, सव्वा तास."

"आंटी मागेच बसतात?"

"पुढे बसली की मला ड्रायव्हिंग शिकवते. म्हणून मागे."

"आणि तुमची काच?"

"मला हवा लागते. माझी उघडी असते. हिची बंद. पंधरा मिनिटांत झोपते."

मी अंकलना म्हटलं, इंजिन पुन्हा चालू करा, पण दार उघडं ठेवून बाहेर उभे राहा. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. एवढ्या इंजिनाने हाताला चटका द्यायला हवा, जोरात फुंकर मारायला हवी. तिथे उदबत्ती विझली नसती एवढाच वारा. मग मी नळी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या आत, मागच्या सीटवर, आंटींच्या जागी ठेवली. नळीपुरती फट ठेवून दारं लावून घेतली.

रांगेतला एक टॅक्सीवाला ओरडला, "ओ मॅडम, नळी पीछे डालते हैं! आज भूल गयी क्या?"

पडद्यावर शून्य होतं. मग ०.०१. मग ०.०२. ०.०३ वर आकडा थांबला.

सायलेन्सरच्या हिशोबाने हा आकडा हसण्यावारी नेण्याइतका लहान. पण मशीन दुरुस्तीला येणारे एक इंजिनीअर मला कधीतरी म्हणाले होते, बंद खोलीत हा एवढासा आकडा आला तरी बाहेर पळा, डोकेदुखीपासून सुरुवात होते. गाडीतला धूर मागून बाहेर पडतच नव्हता. वाटेत कुठेतरी पाइप फुटून तो आत जात होता, आणि फुटलेल्या पाइपातून बाहेरची हवा ओढली जाऊन माझ्या नळीला मिळत होती. मी एक वर्ष हवेला पास करत होते. कौतुक करून, कागद दाराला चिकटवून.

"अंकल, आंटींना हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं. आत्ता."

"येस, येस," म्हणत अंकल गडबडीने निघाले आणि जाऊन गाडीचंच मागचं दार उघडलं. "ये हिल्डा, बस."

मी त्यांच्या हातातून किल्ली अक्षरशः हिसकावली. मघाचा तो ओरडणारा टॅक्सीवाला रांग सोडून पुढे आला, चारही काचा खाली केल्या आणि म्हणाला, "बैठो आंटी, अपनी गाडी में हवा फ्री है." व्हॅनला कुलूप लावून मीही बसले.

परळच्या हॉस्पिटलमध्ये अंकलनी सगळं सांगितलं, पण ते गोदीपासून सुरू झाले, म्हणून मध्येच मी सांगितलं. तरुण डॉक्टरीण होती. आधी तिला वाटलं, मी सून. मी म्हटलं, पीयूसीवाली. तिने मान वर करून बघितलं, आणि लगेच ऑक्सिजनचा मास्क लावायला सांगितलं. रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आणि वर्षभराच्या डोकेदुखीचा हिशोब बघून म्हणाली, "हे एकदा होऊन गेलेलं नाही. बरेच महिने चाललंय. अजून वाढलं असतं तर एखाद्या प्रवासात या झोपेतून उठल्या नसत्या."

अंकल बाहेरच्या बाकावर बसले होते. "म्हणजे मी तिला..." एवढंच म्हणाले. विसरते म्हणून बायकोला एकटी सोडायची नाही, म्हणून गेले तीन महिने ते तिला सगळीकडे बरोबर नेत होते. बँकेत, बाजारात, कबरस्तानात, माहीमला. काळजीपोटी रोज दोन-दोन तास.

त्यांना तसं बसू देणं बरोबर नव्हतं. मी म्हटलं, "अंकल, तुम्ही नाही. गाडी मी पास केली होती. दोनदा. एवढी जुनी गाडी इतकी स्वच्छ कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आवाज पण ऐकला होता मी. मला शाबासकी घ्यायची घाई झाली."

त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "काय म्हणालात?"

मला ते सगळं परत मोठ्याने सांगावं लागलं. कॉरिडॉरमधल्या दहा-बारा लोकांसमोर. चूक कबूल करायला बहिरा माणूस फार अवघड असतो.

अंकलनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या आधी दोन डॉक्टरांनी हिल्डाला 'एज' म्हणून पास केली होती मॅडम. त्यांच्यापैकी कोण सॉरी बोलायला आलं नाही." आणि मला चहा आणायला गेले.

गाडी भायखळ्याच्या गॅरेजवाल्या युनूसभाईंनी ओढून नेली. त्यांनी मला गाडीखाली वाकून बघायला लावलं. पुढचा पाइप सडून त्याला मूठभर भगदाड पडलेलं. बरोबर त्याच्यावर, मागच्या सीटच्या पायाशी, गाडीचा पत्राही सडलेला. वरून मात्र सुरेख लाल कार्पेट. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या भोकातून पाणी यायचं, आंटींचे पाय भिजायचे, म्हणून अंकलनी हौसेने ते कार्पेट टाकून घेतलं होतं. पाणी थांबलं, पण धुराला कार्पेटची अडचण कसली? युनूसभाई हात पुसत म्हणाले, "मॅडम, ये गाडी नहीं थी, सिगरेट थी. और आंटी फिल्टर के साइड में बैठती थी."

त्या संध्याकाळी मी व्हॅनच्या दारावरचा तो कागद काढला. फाडताना बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

महिन्याभराने अंकल आणि आंटी दुरुस्त झालेली गाडी घेऊन आले. पत्रा नवा, पाइप नवा, सायलेन्सर नवा. आंटी पुढच्या सीटवर होत्या आणि माझ्यापर्यंत पोचेतो त्यांनी अंकलना दोनदा ब्रेक मारायला सांगितलं. चेहऱ्यावरची ती विषारी धुराने आलेली फसवी गुलाबी छटा गेली होती. सावळी, चष्मेवाली, खमकी शिक्षिका दिसत होती. डोकं दुखायचं थांबलं म्हणाल्या. वसईचं होम मुलाने सध्या रद्द केलं होतं. 'सध्या' हा शब्द आंटींनी दात दाबून उच्चारला.

मी नळी घातली. आधी हात धरून बघितलं, जोरदार फुंकर. मशीनने विचार केला आणि आकडा दाखवला. मर्यादेच्या बराच वर. नापास.

अंकल तापले. "हे काय मॅडम? बायको मरत होती तेव्हा पास, आणि आता बरी झाली तर फेल? कसली एक्झाम आहे ही तुमची?"

"अंकल, इतके दिवस मी तुमच्या गाडीचा धूर बघितलाच नव्हता. हा तिचा खरा धूर. कार्बोरेटर ट्यून करून आणा."

आंटी मात्र खळखळून हसत होत्या. चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं संसार केला याच्याबरोबर. याला कोणी तोंडावर नापास केलेलं पहिल्यांदा बघितलं. परत एकदा बोल गं!"

अंकल गुरगुरत युनूसभाईंकडे गेले. आंटी माझ्या स्टुलावर बसून राहिल्या. आम्ही चहा प्यायलो. त्यांनी मला विचारलं, नाव काय, शिक्षण किती, घरी कोण. मी सांगितलं. मग माझगावच्या टेकडीचा भूगोल, कुठे समुद्र होता, कुठे भराव घातला, सगळं त्यांनी मला न अडखळता समजावलं. आणि मग पुन्हा विचारलं, "तुझं नाव काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे विचारलं होतं. सगळं परत आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं, काही येईल, काही नाही. आणि जे नाही आलं त्यातले निदान सहा महिने माझे होते, कारण दुसऱ्यांदा पास करताना तरी मला थांबता आलं असतं.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "फ्रान्सिसने सांगितलं मला. तू दोनदा पास केलंस."

"हो आंटी."

"का?"

बाईंनी फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आकडा चांगला आला होता."

आंटींनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत, पण सूटही दिली नाही. म्हणाल्या, "मग यापुढे आकडा चांगला आला, की आधी मला विचारायचं."

ट्यूनिंग करून गाडी आली, काठावर पास झाली. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, मुदत संपायच्या दोन दिवस आधी, दोघं येत राहिले. मी आकडा बघायचे, आणि सर्टिफिकेट छापण्याआधी गाडीच्या खिडकीशी जाऊन विचारायचे, "आंटी, काय म्हणता?"

त्या मला कधी सुनंदा म्हणायच्या, कधी शाळेतल्या कुठल्या तरी मुलीच्या नावाने हाक मारायच्या. पण उत्तर देण्याआधी डोळे मिटून, डोकं किंचित हलवून, अगदी इमानदारीने तपासायच्या. मग सांगायच्या, "नाही दुखत. दे पास."

आणि मी छापायचे.